मक्याच्या ओळी, अक्षरांच्या ओळी

१९४५ साली, महायुद्ध संपत आलेलं असताना, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले बालमनोविकारतज्ज्ञ डॉ. लिओ कॅनर मिसिसिपी राज्यातल्या एका शेतावर गेले. त्यांचा एक जुना छोटा पेशंट तिथे राहत होता. अकरा वर्षांचा डोनाल्ड घोड्याचा नांगर धरून मक्याचं रान नांगरत होता आणि नांगरता नांगरता ओळी मोजत होता. कॅनर यांच्यादेखत त्याने लांबच लांब सहा ओळी नांगरल्या. ओळ संपली की घोडा नीट वळवायचा आणि पुढच्या ओळीला लागायचं.

मोजणं हा त्याचा ध्यास होता. तो दिवसभर त्याच त्या ओळी पुन्हा पुन्हा मोजत राहायचा. ज्या शेतकरी जोडप्याकडे त्याला ठेवलं होतं, त्यांनी हे मोजणं बंद पाडलं नाही. मोजायचंच आहे ना, मग नांगरताना मोज, असं त्यांनी ठरवलं. मोजमापाची एवढी ओढ आहे ना, मग विहीर खण आणि किती खोल गेली ते आम्हाला येऊन सांग. तो मेलेले पक्षी आणि किडे गोळा करून आणायचा, तर त्यांना पुरण्यासाठी त्यांनी रानातला एक कोपरा काढून दिला. तिथे डोनाल्डने एकेकाच्या नावाची पाटी लावली. आधी एखादं नाव, मधे प्राण्याची जात आणि शेवटी त्या शेतकऱ्याचं आडनाव. म्हणजे मेलेल्या गोगलगायीलाही तीन शब्दांचं पूर्ण नाव मिळालं. खाली लिहिलेलं असे, जन्मतारीख माहीत नाही, आणि मृत्यूची तारीख म्हणून ती ज्या दिवशी सापडली तो दिवस.

हा डोनाल्ड ट्रिपलेट. कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचं वर्णन करणारा एक निबंध छापला आणि ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, ही अवस्था वैद्यकाच्या नकाशावर आली. त्या अकरा मुलांतला पहिला मुलगा डोनाल्ड होता. त्याच्या वडिलांनी १९३८ मध्ये कॅनर यांना तेहतीस टंकलिखित पानांचं पत्र पाठवलं होतं. मुलगा कसा बोलतो, काय फिरवत बसतो, काय पाठ म्हणतो, सगळं त्यात होतं. दोन वर्षांचा असताना त्याला ख्रिस्ती धर्मशिक्षणातली पंचवीस प्रश्नोत्तरं तोंडपाठ होती, पण आई खोलीत आली तर मान वर करून तो बघायचा नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याला तिसऱ्या वर्षी एका संस्थेत ठेवलं होतं. वर्षभराने आईवडिलांनी सल्ला मोडून त्याला घरी आणलं.

कॅनर यांनी १९७१ मध्ये त्या अकरा मुलांचं पुढे काय झालं याचा शोध घेतला. ज्यांची आयुष्यं सरकारी संस्थांच्या भिंतींआड गेली, त्यांच्यातलं लहानपणी दिसलेलं तेज विझून गेलं होतं. डोनाल्ड मात्र कॉलेजातून पदवी घेऊन आपल्याच गावातल्या बँकेत काम करत होता. तो गोल्फ शिकला, सत्ताविसाव्या वर्षी गाडी चालवायला शिकला, आईवडील गेल्यावर त्याच घरात एकटा राहिला आणि एकट्याने देशोदेशी फिरला. गावाला तो ठाऊक होता आणि गावाने त्याला सांभाळून घेतलं. २०२३ मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी तो गेला. ऑटिझमवरच्या संशोधनाची पंचाऐंशी वर्षं एका माणसाच्या आयुष्यात मावली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

कॅनर यांच्या त्या पहिल्या निबंधात एक निरीक्षण सहज नजरेतून निसटेल असं आहे. ही मुलं वाचायला चटकन शिकतात, पण एकाच सुरात वाचतात, आणि गोष्ट त्यांच्यापर्यंत सुट्या सुट्या तुकड्यांत पोचते, सलग पोचत नाही, अशा आशयाचं त्यांनी लिहून ठेवलं. तेवढ्याशा नोंदीतून पुढे संशोधनाचा एक मोठा प्रवाह निघाला. तो मला सगळ्यांत जास्त थक्क करतो, कारण त्यात वाचणं ही आपण गृहीत धरलेली क्रिया उकलून समोर येते.

काही स्वमग्न मुलं कोणी न शिकवता वाचू लागतात. दोन-तीन वर्षांचं मूल, अजून ‘पाणी दे’ म्हणत नाही, पण गाड्यांच्या नंबरप्लेट, कॅलेंडरावरची महिन्यांची नावं, दुकानांच्या पाट्या वाचतं. याला हायपरलेक्सिया म्हणतात. हे नाव १९६७ मध्ये पडलं. त्याविषयी तोवर झालेल्या संशोधनाचा एकत्र आढावा माँट्रियलमधल्या लोराँ मोत्राँ यांच्या गटाने २०१७ मध्ये घेतला, तेव्हा नोंदलेल्या हायपरलेक्सिक मुलांपैकी ८४ टक्के मुलं ऑटिझमच्या वर्णपटावरची निघाली. उलट बाजूने पाहिलं तर सगळ्याच स्वमग्न मुलांमध्ये हे घडत नाही. त्यांच्या अंदाजाने शंभरांत सहा ते वीस मुलांमध्ये घडतं.

अशा एका मुलाच्या मेंदूत वाचताना काय होतं? वॉशिंग्टनमधल्या जॉर्जटाउन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ मध्ये हे पाहिलं. नऊ वर्षांचा मुलगा, वाचनात आपल्या वयाच्या सहा वर्षं पुढे. एमआरआय यंत्रात झोपून तो शब्द वाचत असताना मेंदूचा डाव्या कानशिलामागचा एक भाग त्याच्यात इतर मुलांपेक्षा अधिक जोमाने काम करताना दिसला. अक्षराचा आवाजाशी सांधा जुळतो तो हा भाग. डिसलेक्सिया असलेल्या मुलांमध्ये, ज्यांना अक्षरं लावणं जड जातं, नेमका हाच भाग मंद असतो. शिवाय उजवीकडचा, आकार आणि चित्र ओळखणारा एक भागही त्याच्यात जागा होता. म्हणजे हा मुलगा शब्द एकाच वेळी ऐकतही होता आणि चित्रासारखे बघतही होता. अर्थात हा एकाच मुलाचा अभ्यास आहे. त्यावरून सगळ्यांबद्दल निष्कर्ष काढता येत नाही, पण अक्षरांकडे जाणारी वाट प्रत्येकाच्या डोक्यात एकच नसते हे त्यातून दिसलं.

आता दुसरी बाजू. अक्षरं उच्चारता आली म्हणजे वाचन झालं का? लंडनमध्ये उटा फ्रिथ आणि मॅगी स्नोलिंग या दोघींनी १९८३ मध्ये एक साधी पण फार हुशार परीक्षा घेतली. इंग्रजीत एकाच स्पेलिंगचे, दोन उच्चारांचे काही शब्द असतात. डोळ्यातला अश्रू असेल तर ‘टिअर’, कापड फाटलं असेल तर ‘टेअर’, लिहायचं सारखंच. असा शब्द वाक्याच्या शेवटी ठेवायचा आणि मुलाला मोठ्याने वाचायला सांगायचं. बरोबर उच्चार करायचा तर आधीचं वाक्य डोक्यात धरून ठेवावं लागतं.

मराठीत आपली लिपी बरीच सरळ, त्यामुळे असे शब्द कमी सापडतात. पण ही दोन वाक्यं वाचून पाहा: ‘किती मोठं आहे हे जग.’ आणि ‘तू सुखाने जग.’ पहिल्यांदा तुम्ही ‘ज’ जेवणातला उच्चारला असेल, दुसऱ्यांदा ‘जागा’मधला. कोणी सांगितलं नाही, नियम आठवावा लागला नाही, जीभ आपोआप वळली. ही जी आपोआप वळण्याची क्रिया आहे, संदर्भाने शब्दाला ओढून घेण्याची, ती फ्रिथ आणि स्नोलिंग यांना मोजायची होती.

स्वमग्न मुलांनी वाक्यातले बाकीचे शब्द छान वाचले. त्या एका शब्दाशी आल्यावर मात्र ती बहुतेकदा जास्त वापरातला उच्चार करून पुढे गेली, मग वाक्य अश्रूचं असो वा फाटलेल्या फ्रॉकचं. यातून आणि अशा इतर प्रयोगांतून फ्रिथ यांनी पुढे एक कल्पना मांडली: स्वमग्न मनाची ओढ तपशिलाकडे असते, तुकडे सांधून त्यांचा एकसंध अर्थ लावण्याकडे ती कमी असते. या कल्पनेने एक कोडं छान सुटलं. ज्या मुलाला गोष्टीचं सार सांगता येत नाही, तोच मुलगा गुंतागुंतीच्या चित्रात लपलेला त्रिकोण सगळ्यांच्या आधी कसा शोधतो? संपूर्ण चित्र त्याला आडवं येत नाही, म्हणून.

या संशोधनातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग मात्र नंतरचा आहे, आणि तो फार कमी सांगितला जातो. त्याच दोघींनी १९८६ मध्ये पुन्हा पाहिलं तेव्हा असं दिसलं की अर्थाकडे लक्ष देऊन वाचा असं स्पष्ट सांगितलं, शब्दाला दोन उच्चार आहेत हे आधी दाखवलं, तर स्वमग्न मुलं बरोबर वाचतात. क्षमता होतीच. मन आपणहून तिकडे जात नव्हतं, एवढंच. पुढे फ्रान्चेस्का हापे यांनी याच आधारावर म्हटलं की याला दोष म्हणण्यापेक्षा विचार करण्याची एक धाटणी म्हणावं. माझ्या मते शिक्षकांना आणि पालकांना द्यायची असेल तर ही बातमी द्यावी. ‘याला कळत नाही’ आणि ‘याला इकडे बघ असं कोणी सांगितलं नाही’ यांच्यामध्ये एका मुलाचं अख्खं शिक्षण उभं असतं.

कुठे बघ, हे किती बारीक असू शकतं त्याचं एक उदाहरण. ओकॉनर आणि क्लाइन या कॅनडातल्या दोघा संशोधकांनी २००४ मध्ये वीस किशोरवयीन स्वमग्न विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले आणि समजायला सोपं जावं म्हणून तीन युक्त्या करून पाहिल्या. वाचण्याआधी प्रश्न विचारले, मधले शब्द गाळून भरायला लावले, आणि तिसरी युक्ती अशी की ‘तो’, ‘ती’, ‘त्याने’ अशा प्रत्येक सर्वनामाशी थांबायचं आणि हा ‘तो’ म्हणजे वर आलेला कोण, ते ठरवून पुढे जायचं. पहिल्या दोन युक्त्यांनी फारसा फरक पडला नाही, तिसरीने पडला. गोष्ट समजण्याची दोरी कुठे तुटते, तर ‘तो’ या एका अक्षरापाशी! आपण हे सर्वनाम पार करताना कधी थबकलोही नाही, म्हणून तिथे खड्डा असू शकतो हे आपल्या लक्षात येत नाही.

आणि ट्युनिशियाची गोष्ट तर सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथे घरात, रस्त्यावर, बाजारात ट्युनिशियन अरबी बोलतात. ग्रांथिक अरबी टीव्हीवरच्या कार्टूनांत, बातम्यांत आणि पुस्तकांत असते. ती कोणाची मातृभाषा नाही. ब्रसेल्सचे मिखाईल किसीन आणि त्यांच्या ट्युनिशियातल्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये पाच स्वमग्न मुलांचं वर्णन छापलं. ही मुलं घरात ग्रांथिक अरबी बोलत होती, व्याकरणासकट. त्यांच्याशी त्या भाषेत बोललं कोणीच नव्हतं. ती त्यांनी कार्टूनमधून उचलली होती. भाषा मूल आईच्या मांडीवर, डोळ्याला डोळा देऊन, देवाणघेवाणीतून शिकतं, हा आपला पक्का समज. बहुतेक मुलांसाठी तो खराही आहे. पण भाषेला आत यायला आणखी एक दार आहे आणि काही मुलं त्याच दाराने तिला आत घेतात. मोत्राँ यांचा गट म्हणूनच म्हणतो की बोलणं येईपर्यंत अक्षरं, पुस्तकं, पाट्या मुलापासून लांब ठेवू नका. काही मुलांच्या बाबतीत आधी छापील शब्द येतो आणि त्याच्या मागून बोललेला.

इथवर सगळं संशोधन एकाच दिशेने पाहत होतं: स्वमग्न माणूस जगाला कसं वाचतो. गेल्या दहा-पंधरा वर्षांत कोणीतरी आरसा फिरवला, आणि प्रश्न आला की जग त्याला कसं वाचतं.

कोणीतरी म्हणजे डेमियन मिल्टन. ते समाजशास्त्रज्ञ आहेत आणि स्वतः स्वमग्न आहेत. त्यांनी २०१२ मध्ये मांडलं की दोन वेगळ्या धाटणीची मनं समोरासमोर आली की गैरसमज दोघांचाही होतो, पण त्याची जबाबदारी मात्र एकट्या स्वमग्न माणसावर टाकली जाते. हे नुसतं ऐकायला बरं वाटणारं वाक्य आहे की खरं, हे तपासायला हवं होतं. टेक्सासमधल्या नोआ सॅसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये जे छापलं ते वाचून माझी झोप उडाली. त्यांनी स्वमग्न आणि इतर माणसांच्या बोलण्याच्या काही सेकंदांच्या चित्रफिती अनोळखी लोकांना दाखवल्या आणि विचारलं, याच्याशी मैत्री करायला आवडेल का? शेजारी बसायला? स्वमग्न माणसांना उत्तरं सातत्याने वाईट मिळाली. पाहणाऱ्यांना कोणाला काय निदान आहे हे सांगितलेलं नव्हतं, काही सेकंदांतच नापसंती ठरत होती. मग त्याच माणसांचं तेच बोलणं फक्त कागदावर लिहून दिलं. चेहरा नाही, आवाज नाही, हातवारे नाहीत. तेव्हा फरक नाहीसा झाला.

शब्द तेच होते. म्हणजे नापसंती त्यांच्या सांगण्याबद्दल कधीच नव्हती. नोकरीच्या मुलाखतीत, स्थळ बघायला गेल्यावर, नव्या शेजाऱ्याशी जिन्यात बोलताना पहिल्या काही सेकंदांत काय घडत असेल याचा यावरून अंदाज येतो. आणि किती माणसं लिहिलेल्या अर्जावर आत येतात आणि समोर बसल्यावर बाहेर पडतात, तेही कळतं.

एडिंबरोच्या कॅथरीन क्रॉम्प्टन यांनी दुसऱ्या बाजूने तपासलं. आपण लहानपणी कानगोष्टी खेळायचो तसा प्रयोग. आठ जणांची साखळी, पहिल्याने ऐकलेली गोष्ट पुढच्याला सांगायची, त्याने त्याच्या पुढच्याला. काही साखळ्यांत सगळे स्वमग्न, काहींत कोणीच नाही, काहींत आलटून पालटून. २०२० मध्ये ७२ जणांवर केलेल्या या प्रयोगात स्वमग्न माणसांच्या साखळीने गोष्ट इतरांइतकीच शाबूत पोचवली आणि मिश्र साखळ्यांत ती जास्त गळाली. मग तीन ठिकाणी, ३११ जणांवर तोच प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला आणि २०२५ मध्ये निकाल आला: स्वमग्न साखळ्या पुन्हा इतरांइतक्याच चांगल्या, पण या वेळी मिश्र साखळ्याही मागे पडल्या नाहीत. म्हणजे मिल्टन यांची मांडणी जशीच्या तशी सिद्ध झाली असं कोणी म्हणू नये. पण स्वमग्न माणसाला दुसऱ्यापर्यंत काही पोचवताच येत नाही, ही जुनी समजूत दोन्ही वेळा खोटी ठरली. विज्ञान असं आपलंच आधीचं उत्तर पुन्हा तपासतं तेव्हा त्याच्यावरचा माझा विश्वास वाढतो.

या आरशाचा एक धागा थेट गोव्यात येतो. गोव्यातली संगाथ ही संस्था आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीतले संशोधक यांनी मिळून केलेला एक प्रयोग २०१६ मध्ये लॅन्सेट सायकियाट्री या नियतकालिकात आला. दोन ते नऊ वर्षांची ६५ मुलं. पद्धत मूळची इंग्लंडमधली, पण इथे ती राबवणारे तज्ज्ञ डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते. आई किंवा बाबा मुलाशी खेळतात त्याचं थोडा वेळ चित्रण करायचं आणि मग कार्यकर्तीबरोबर बसून ते पालकांनीच बघायचं. कोणत्या क्षणी मुलाने काही सुचवलं, खेळण्याकडे बोट केलं, आवाज काढला, आणि आपण तो पकडला का? बारा भेटींच्या शेवटी पालक मुलाच्या तालाने जाऊ लागले होते आणि मुलं आपणहून जास्त संवाद सुरू करू लागली होती. इथे उपचार म्हणून शिकवलं गेलं ते पालकांना, आणि शिकवलं ते मुलाला वाचणं. एकेकाळी आईच्या थंड वागण्याने मूल असं होतं असं पुस्तकांतून लिहिलं जायचं. १९७७ मध्ये फोल्स्टीन आणि रटर यांनी जुळ्या भावंडांच्या अभ्यासातून त्यामागे आनुवंशिकतेचा मोठा वाटा दाखवला आणि तो आरोप शास्त्रातून गेला. घरांतून, सासरच्या बैठकीतून तो अजून पुरता गेलेला नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिते आहे.

मुलं मोठी होतात. हे इतकं उघड असूनही ऑटिझमच्या संशोधनाला ते दिसायला फार उशीर झाला. इंग्लंडमध्ये २००७ मध्ये घरोघर जाऊन ७,४६१ प्रौढांची पाहणी झाली आणि त्यावरून लेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये अंदाज मांडला की हजार प्रौढांमागे जवळजवळ दहा जण स्वमग्न असावेत. वयानुसार हे प्रमाण कमी होत गेलेलं दिसलं नाही. साठीतले, सत्तरीतले स्वमग्न लोक तरुणांइतकेच होते आणि बहुतेकांना कोणी ओळखलेलंच नव्हतं. विक्षिप्त मामा, माणूसघाणी आत्या, एकाच वेळेला एकाच हॉटेलात एकाच टेबलाशी बसणारे निवृत्त कारकून. इंग्लंडने २००९ मध्ये स्वमग्न प्रौढांच्या निदानाची आणि मदतीची जबाबदारी घालून देणारा स्वतंत्र कायदा केला. एकाच अवस्थेसाठी केलेला तिथला तो पहिला कायदा.

प्रौढांना नेमकी कोणती मदत उपयोगी पडते याचे काटेकोर प्रयोग थोडे आहेत, पण जे आहेत त्यातला एक अवाक करणारा आहे. सिनसिनाटीच्या बालरुग्णालयात १९९६ मध्ये प्रोजेक्ट सर्च नावाचा उपक्रम सुरू झाला. शाळेच्या शेवटच्या वर्षी मुलं वर्गाऐवजी रुग्णालयातच रोज जातात आणि खऱ्या कामांवर शिकतात: औषधांचा साठा लावणं, साहित्य वॉर्डांत पोचवणं, उपकरणं मोजून ठेवणं. व्हर्जिनियात पॉल वेहमन यांच्या गटाने तो खास स्वमग्न तरुणांसाठी बेतला. दिवसाचं वेळापत्रक लिहिलेलं, कामाच्या पायऱ्या मांडून दिलेल्या, शेजारी ऑटिझम समजणारा शिक्षक. चाळीस तरुणांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं. २०१४ मध्ये निकाल छापला: या उपक्रमातल्या चोवीस जणांपैकी एकवीस जण पगारी नोकरीला लागले. नेहमीच्या शाळेत राहिलेल्या सोळांपैकी एक जण. या दोन आकड्यांमधलं अंतर त्या मुलांच्या बुद्धीतलं नाही. त्यांना काम कसं दाखवलं, यातलं आहे.

आपल्याकडे कायदे झाले आहेत, हे सांगायला हवं, कारण अनेक पालकांपर्यंत ते पोचलेले नसतात. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ऑटिझमचा समावेश झाला आणि त्याखाली एक लाख रुपयांपर्यंतची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना आली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ऑटिझमला मान्यता असलेल्या एकवीस प्रकारांत घेतलं. सरकारी नोकऱ्यांतल्या चार टक्के आरक्षणापैकी एक टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्यासाठी मिळून आहे. मूल अठरा वर्षांचं झालं की आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. गरज असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालकत्व घ्यावं लागतं. ‘आमच्यानंतर कोण?’ हा प्रश्न प्रत्येक पालकसभेत कधी ना कधी निघतो. त्याचं उत्तर कागदावर थोडंफार तयार आहे. राहायची घरं, कामाच्या जागा, समजून घेणारे डॉक्टर यांच्या रूपात ते फार थोड्या शहरांत दिसतं.

त्यातल्या डॉक्टरांपुरतं तरी आजच काही करता येईल. अमेरिकेत पोर्टलंड शहरात क्रिस्टिना निकोलायडिस या डॉक्टर आणि डोरा रेमेकर या स्वमग्न संशोधक यांनी २००६ मध्ये एक गट उभा केला. नाव आस्पायर. यात स्वमग्न प्रौढ हे संशोधनाचा विषय नसतात, बरोबरीचे संशोधक असतात. प्रश्नावली तयार झाली की आधी ते ती वाचतात आणि कुठे अडतं ते सांगतात: ‘अलीकडे’ म्हणजे किती दिवसांत? ‘बऱ्याचदा’ म्हणजे आठवड्यातून किती वेळा? मग तारखा नेमक्या होतात, अवघड शब्दांचे अर्थ शेजारी येतात. या गटाने एक साधन बनवलं. स्वमग्न व्यक्तीने, हवं तर घरच्यांच्या मदतीने, काही प्रश्नांची उत्तरं भरायची आणि त्यातून तिच्या डॉक्टरांसाठी तिचंच एक पत्र तयार होतं. ते वापरून महिना झाल्यावर लोकांना उपचार घेताना येणारे अडथळे कमी जाणवले, आपल्या प्रकृतीबद्दल आपण बोलू शकतो हा विश्वास वाढला आणि डॉक्टरांशी संवादही सुधारला.

असं पत्र मराठीत एका पानावर बसतं. त्याला योजना लागत नाही, निधी लागत नाही. नमुना म्हणून काही ओळी मी लिहून पाहिल्या, ज्याला हव्या त्याने आपल्या घरातल्या माणसाप्रमाणे बदलून घ्याव्यात:

‘मी स्वमग्न आहे. मला बोललेलं समजतं, पण लिहिलेलं जास्त चांगलं समजतं. गर्दीच्या वेटिंग रूममध्ये मला त्रास होतो, शक्य असेल तर मला बाहेर थांबू द्या आणि नंबर आला की फोन करा. मी तुमच्या डोळ्यांत बघितलं नाही तरी मी ऐकत असतो. ट्यूबलाइट फडफडत असेल तर ती बंद करा. हात लावण्याआधी कुठे लावणार ते सांगा. “कसं वाटतंय?” याचं उत्तर मला देता येत नाही, “कुठे दुखतंय, कधीपासून, रात्री झोप लागते का?” याचं देता येतं. मला उत्तर द्यायला वेळ लागतो, म्हणून लगेच दुसरा प्रश्न विचारू नका आणि आईकडे वळू नका. औषध कोणतं, किती वाजता, जेवणाआधी की नंतर, किती दिवस, आणि पुन्हा कोणत्या तारखेला यायचं, हे सगळं कागदावर लिहून द्या.’